वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधला स्पाउस व्हिसा वाढवताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक आहे, किंवा त्यांना तिथं कायमचं राहण्याचा हक्क म्हणजे आयएलआर मिळालेला आहे. लग्नानंतर तिकडे गेलेल्या जोडीदाराला ३३ महिन्यांचा व्हिसा मिळाला होता आणि त्याची मुदत आता संपत आली आहे. वाढवण्याच्या या अर्जाला एफएलआर(एम) म्हणतात. अर्ज मंजूर झाला तर ३० महिने मिळतात, पण त्यासाठी पगार, घर, इंग्रजी आणि एकत्र राहणं या सगळ्याची तपासणी पहिल्यापासून होते. मागच्या वेळी फाइल पास झाली होती या भरवशावर बसलेल्यांची पत्रं जास्त आहेत. ज्यांचा जोडीदार स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे त्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांच्यासाठी शेवटचं उत्तर वाचावं.

प्रश्न : माझा व्हिसा १५ मे २०२४ ते १५ फेब्रुवारी २०२७ असा आहे. मी १ जुलै २०२४ ला लंडनला आले. सासरचे म्हणतात, शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला कशाला लावतेस, ऑक्टोबरमध्येच अर्ज करून मोकळी हो. तसं करू का? (वेम्बली)

उत्तर : करू नका. आयएलआरसाठी जोडीदार म्हणून ६० महिने भरावे लागतात. तुम्ही व्हिसा भारतातून घेऊन आलात, त्यामुळे हे महिने व्हिसावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, ब्रिटनमध्ये उतरल्याच्या दिवसापासून मोजतात. तुमचे ६० महिने १ जुलै २०२९ ला भरतील. आयएलआरचा अर्ज त्याच्या आधी फार तर २८ दिवस, म्हणजे ३ जूनपासून करता येतो. दुसरं असं की नवे ३० महिने निकालाच्या तारखेपासून सुरू होतात. जुन्या व्हिसाचे उरलेले दिवस त्यात मिळवतात, पण जास्तीत जास्त २८. त्यावरचे दिवस बुडाले.

आता सासरच्यांच्या सल्ल्यानं हिशेब मांडा. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला आणि १५ ऑक्टोबर २०२६ ला निकाल लागला, तर नवा व्हिसा १५ एप्रिल २०२९ पर्यंत, त्यात २८ दिवस धरून १३ मे २०२९ पर्यंत. आयएलआरचा अर्ज ३ जूनच्या आधी घेत नाहीत. म्हणजे मधल्या तीन आठवड्यांसाठी आणखी एक एफएलआर(एम) भरावा लागेल. एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं त्याची फी १,३२१ पौंड. त्यावर हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) वर्षाला १,०३५ पौंड, अडीच वर्षांचा २,५८७ पौंड ५० पेन्स. दोन्ही मिळून ३,९०८ पौंड ५० पेन्स. हे दर बहुतेक एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचाच आकडा धरा.

तुमच्यासाठी योग्य काळ १८ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२७. कागद गोळा करायला डिसेंबरात लागा, फॉर्म जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भरा. ऑनलाइन फॉर्म पाठवून पैसे भरले तोच अर्जाचा दिवस. बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट व्हिसा संपल्यानंतरची मिळाली तरी बिघडत नाही.

व्हिसा लागू झाल्यानंतर तीन महिन्यांहून उशिरा ब्रिटनमध्ये पोचलेल्यांनी हा हिशेब दोनदा करावा, कारण ३३ मधले पोचण्याआधीचे महिने वजा होतात आणि साठाची बेरीज काठावर येते. अशांनी १,००० पौंड जादा देऊन सुपर प्रायॉरिटी या झटपट सेवेनं निकाल मागवू नये. निकाल जितका उशिरा, तितके नवे ३० महिने पुढे सरकतात. इथं संथ गतीचा फायदा तुमचाच आहे.

आणि मुदत चुकली तर? चौदा दिवसांच्या आत, सबळ कारण पुराव्यासकट देऊन अर्ज करता येतो. रुग्णालयात दाखल असणं हे कारण चालतं. तारीख लक्षात राहिली नाही हे चालत नाही.

प्रश्न : आता २९,००० पौंड पगार लागतो असं सगळे सांगतात. माझ्या मिस्टरांचा पगार २६,००० आहे आणि त्यांनी दोन महिन्यांपूर्वी नोकरी बदलली. मी केअर होममध्ये तासांवर काम करते, तिथं मला आठ महिने झाले. आमचा पहिला अर्ज मार्च २०२४ मध्ये केला होता. (लेस्टर)

उत्तर : तुम्हाला २९,००० लागत नाहीत. ती मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून आली. ज्यांनी या मार्गावरचा पहिला अर्ज त्याआधी केला आणि जे त्याच जोडीदाराबरोबर व्हिसा वाढवत आहेत, त्यांना जुनी १८,६०० पौंडांची मर्यादाच लागू आहे. व्हिसा हातात कधी आला याला महत्त्व नाही, अर्जाची तारीख बघतात. त्या अर्जाची पावती किंवा ईमेल शोधून ठेवा.

पहिल्या वेळी भारतातल्या पगाराला शून्य किंमत होती, फक्त मिस्टरांचा पगार धरला गेला होता. वाढवताना तुमचा ब्रिटनमधला पगारही धरतात, दोघांची बेरीज चालते. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं आणि नवऱ्याला दुसरी नोकरी धरायला लावतात.

मिस्टरांची नोकरी बदलली ही खरी अडचण आहे. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पेस्लिप आणि तेवढ्याच काळाची बँक स्टेटमेंट पुरतात. याला कॅटेगरी ए म्हणतात. सहा महिने झाले नसतील तर कॅटेगरी बी. तिथं दोन परीक्षा असतात : आजचा पगार मर्यादेएवढा हवा, आणि मागच्या १२ महिन्यांत मिळालेली एकूण (कर कापण्याआधीची) कमाईही मर्यादेएवढी हवी. त्यासाठी १२ महिन्यांच्या पेस्लिप लागतात आणि जुन्या मालकाचंही पत्र लागतं. सोडलेल्या नोकरीतून पत्र मिळवणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून आधी तुमच्याच पगाराचा हिशेब करा. तुम्हाला एकाच ठिकाणी आठ महिने झालेत. तासांवरच्या कामात सहा महिन्यांची सरासरी काढून वर्षाची रक्कम धरतात. ती एकटीच १८,६०० च्या वर जात असेल तर मिस्टरांचा पगार या अर्जात दाखवायची गरज नाही. ज्याचे कागद सरळ, त्याचा पगार पुढे करावा.

कागदांत अडतं ते असं. शेवटची पेस्लिप, शेवटचं स्टेटमेंट आणि मालकाचं पत्र अर्जाच्या तारखेच्या मागच्या २८ दिवसांतलं हवं. एचआरकडून पत्र दोन महिने आधी घेऊन ठेवलं तर ते फुकट जातं. पत्रात चार गोष्टी हव्यात : नोकरी आणि वर्षाचा एकूण पगार, किती काळापासून नोकरी, हा पगार किती काळापासून, आणि नोकरी कायमची, मुदतीची की एजन्सीमार्फत. पेस्लिपवर हातात येणारी जी रक्कम छापली आहे, नेमकी तीच त्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसली पाहिजे. आठवड्याला पगार होत असेल तर सहा महिन्यांच्या २६ पेस्लिप होतात; एखादी गहाळ असेल तर फॉर्म भरण्याआधीच मागवा. मोबाइलमधल्या बँकेच्या ॲपचे स्क्रीनशॉट देऊ नका, बँकेचं नाव, खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक असलेलं पूर्ण स्टेटमेंट उतरवून घ्या. ठरलेला मासिक पगार असलेल्यांनी या सहा महिन्यांत बिनपगारी रजा टाकून भारतात जाऊ नये. सहांपैकी सर्वांत कमी पगाराच्या महिन्यावर नजर जाते आणि मग खुलासे देत बसावं लागतं.

प्रश्न : मला २९,००० च लागू आहेत आणि आमची बेरीज २५,००० वर थांबते. पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे, तो भाड्यानं दिलाय. ते भाडं चालेल का? (स्लाव)

उत्तर : चालेल. अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घराचं भाडं धरतात, घर भारतात असलं तरी. गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं भाडं मोजतात, त्यामुळे मालकीचा कागद, भाडेकरार आणि १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट हवं. आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. मग बारावा महिना उघडा पडतो, म्हणून आधीचा आणि आताचा असे लागोपाठचे दोन्ही नोंदणीकृत करार जोडा. भाडं रोखीत घेत असाल तर ते या हिशेबात नाहीच असं समजा. करार मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्काचा पत्ता हवा.

दुसरा रस्ता बचतीचा. सूत्र असं : १६,००० पौंड अधिक तुटीच्या अडीच पट. तुमची तूट ४,००० ची, म्हणजे १६,००० अधिक १०,००० मिळून २६,००० पौंड खात्यात हवेत आणि ते निदान सहा महिने तिथंच असायला हवेत. सासऱ्यांनी दिलेले पैसे चालतात, पण ते उसने असू नयेत आणि तुमच्या ताब्यात असावेत. पगाराशिवाय सगळं बचतीवर दाखवायचं तर २९,००० च्या मर्यादेला ८८,५०० पौंड लागतात. बचतीची ही जोड कॅटेगरी एच्या पगाराला देता येते, त्यामुळे नोकरी नुकती बदलली असेल तर आधी सहा महिने भरू द्या.

प्रश्न : पहिल्या वेळी मी ए१ ची इंग्रजी परीक्षा दिली होती. ती चालेल का? आणि माझी पदवी पुणे विद्यापीठाची, सगळं शिक्षण इंग्रजीतून आहे. (हॅरो)

उत्तर : ए१ नाही चालणार, वाढवताना त्यावरची पातळी ए२ लागते. पदवी वापरायची तर नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली, असं एक्टिस या संस्थेचं निवेदन घ्यावं लागतं. विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र त्यासाठीच लागतं. ते पुण्यातून कोणाला तरी काढायला सांगा आणि हाताशी वेळ ठेवा. एकदा हे निवेदन मिळालं की आयएलआरच्या वेळीही तेच चालतं.

परीक्षाच द्यायची तर ए२ ऐवजी सरळ तिच्यावरची बी१ द्या. सध्याच्या नियमानं आयएलआरला बी१ लागते आणि या अर्जात मान्य झालेली बी१ तेव्हा पुन्हा वापरता येते, तिची दोन वर्षांची मुदत संपली असली तरी. ट्रिनिटी या संस्थेच्या जीईएसई परीक्षेची ग्रेड ५ ही बी१ ची, म्हणजे परीक्षकाशी समोरासमोर दहा मिनिटांचं बोलणं; ए२ ची ग्रेड ३ सात मिनिटांची. लिहिण्याचा पेपर दोन्हींत नाही. विद्यापीठ प्रवेशासाठीची साधी आयईएलटीएस मात्र इथं धरत नाहीत, नावात यूकेव्हीआय (ब्रिटनचं व्हिसा खातं) किंवा लाइफ स्किल्स असलेलीच घ्या.

प्रश्न : आम्ही सासू-सासऱ्यांच्या घरी राहतो. वीज, गॅस, पाणी, काउन्सिल टॅक्स (घरपट्टी) सगळं सासऱ्यांच्या नावावर आहे. एकत्र राहण्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे लग्नाच्या फोटोंशिवाय काही नाही. (साउथॉल)

उत्तर : फोटोंनी लग्न झाल्याचं दिसतं, अडीच वर्षं एका छताखाली राहिल्याचं नाही. वर्षानुवर्षांचा ठोकताळा असा : गेल्या दोन वर्षांत पसरलेली, निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली सहा पत्रं, दोघांच्या नावे. दोघांचं नाव एकत्र नसेल तर प्रत्येकाच्या नावाची वेगवेगळी, पत्ता एकच. सहाही पत्रं एकाच महिन्यातली असतील तर उपयोग नाही. साधारण चार महिन्यांच्या अंतरानं एकेक असावं.

बिलांवर नाव नसलं तरी पत्रं तयार होतातच, फक्त ती टाकून दिलेली असतात. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून आलेलं जीपीच्या (घराजवळच्या डॉक्टरच्या) नोंदणीचं किंवा अपॉइंटमेंटचं पत्र, नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाचं पत्र, कर खात्याचं टॅक्स कोडचं पत्र, वर्षाअखेरचा पी६० (पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला), बँकेचं स्टेटमेंट, गाडी चालवण्याचा प्रोव्हिजनल परवाना. आणखी एक : भारतीय नागरिक कॉमनवेल्थ नागरिक म्हणून ब्रिटनच्या मतदार यादीत नाव घालू शकतात आणि मतदानही करू शकतात. ती नोंदणी केली की काउन्सिलकडून दोघांच्या नावानं पत्र घरी येतं. आजच एक जॉइंट खातं उघडा आणि किराण्याचा खर्च त्यातून करा. बँका आता कागदी स्टेटमेंट पाठवत नाहीत, तेव्हा पत्ता छापलेलं स्टेटमेंट उतरवून घ्यायची सवय लावा.

वेगळं भाड्याचं घर असलेल्यांची एक चूक मात्र फार वाईट फसते. नवरा एकटा असताना काउन्सिल टॅक्सवर एकट्या माणसाची २५ टक्के सूट घेतलेली असते आणि बायको आल्यावर ती बंद करायची राहून जाते. मग एकत्र राहण्याचा पुरावा म्हणून जोडलेल्या बिलावरच लिहिलेलं असतं की या घरात एकच प्रौढ राहतो. आधी काउन्सिलला कळवा, फरक भरा, दुरुस्त बिल घ्या.

घराबद्दल सासऱ्यांचं सहीचं पत्र लागेल : घर माझ्या मालकीचं आहे, मुलगा-सून इथं राहतात, त्यांना स्वतंत्र खोली आहे. सोबत मॉर्गेजचं स्टेटमेंट किंवा लँड रजिस्ट्रीचा उतारा. घरात दाटी नाही हेही दिसायला हवं. मोजताना झोपायच्या खोल्यांबरोबर बैठकीची खोलीही धरतात. दोन खोल्यांना ३ माणसं, तीनला ५, चारला साडेसात, पाच किंवा जास्त खोल्या असतील तर खोलीमागे २. एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं, त्याहून लहान बाळ मोजतच नाहीत. तीन बेडरूम आणि एक हॉल असलेल्या घरात सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि धाकटा दीर सहज बसता.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. बाळंतपणाला सांगलीला माहेरी जायचं ठरतंय. व्हिसा फेब्रुवारीत संपतो, बाळ डिसेंबरात होईल. तिकडूनच फॉर्म भरला तर? (रेडिंग)

उत्तर : हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो. सांगलीत असताना व्हिसा संपला तर पुन्हा नव्यानं प्रवेशाचा व्हिसा, क्षयाची तपासणी, बाहेरून करायच्या अर्जाची मोठी फी, आणि १८,६०० ची जुनी सवलत असेल तर तीही हातची जाण्याचा धोका. परत येऊन अर्ज केला आणि निकाल यायच्या आधी पुन्हा भारतात गेलात तर तो अर्ज मागे घेतल्याचं धरतात. सरचार्ज परत मिळतो, फी मिळत नाही. म्हणजे अर्जापासून निकालापर्यंत पाय ब्रिटनमध्येच.

बाळ कुठं जन्माला येतं यानंही फरक पडतो. ब्रिटनमध्ये जन्मलं आणि वडील ब्रिटिश किंवा आयएलआरधारक असले तर ते जन्मतः ब्रिटिश. सांगलीत जन्मलं तर वडिलांचं बघावं लागतं. वडील ब्रिटनमध्ये जन्मलेले किंवा तिथं नागरिकत्व घेतलेले असतील तर बाळही ब्रिटिश, पण पहिला ब्रिटिश पासपोर्ट भारतातून काढायला कित्येक आठवडे जातात. वडिलांकडे नुसता आयएलआर असेल तर बाळ ब्रिटिश नाही. त्याला स्वतःचा व्हिसा लागेल, आणि १८,६०० च्या जुन्या मर्यादेत असलेल्यांना अशा पहिल्या मुलामागे ३,८०० पौंड जास्त म्हणजे २२,४०० दाखवावे लागतील. २९,००० वाल्यांना मुलामागे वाढ नाही. आईला रेडिंगला बोलावून घेणं यापेक्षा पुष्कळ सोपं पडेल.

तुमचा पगार अर्जात लागत असेल तर बाळंतपणाच्या रजेनं अडत नाही. रजा सुरू होण्याआधीचे सहा महिने दाखवता येतात, फक्त रजेचं मालकाचं पत्र जोडा. स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे (कायद्यानं मिळणारा रजेचा पगार) घेतल्यानं सरकारी मदत न घेण्याची व्हिसाची अट मोडत नाही, तो त्या मदतीत धरत नाहीत. चाइल्ड बेनिफिट मात्र सरकारी मदतीत मोडतो, तो ब्रिटिश किंवा आयएलआरधारक वडिलांनीच मागावा.

प्रश्न : पासपोर्टवर माहेरचं नाव, पेस्लिपवर सासरचं, बँकेत मधलं नाव वडिलांचं, जीपीकडे नवऱ्याचं. पासपोर्ट आता बदलून घेऊ का? (मिल्टन कीन्स)

उत्तर : अर्जाला चार-पाच महिने असतील तर घ्या, नाहीतर निकालानंतर. भारतीय पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला असताना व्हिसाची अपॉइंटमेंट आली तर दाखवायला ओळखीचा मूळ कागद हातात नसतो. आपल्याकडे मधलं नाव लग्नानंतर बदलतं हे तिकडच्या तपासनिसाला माहीत असायचं कारण नाही. त्यामुळे अर्जासोबत एका पानाचं पत्र द्या : ही सगळी नावं माझीच, अमुक तारखेला लग्न झालं, सोबत महाराष्ट्रातलं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. बँक आणि नोकरीत पासपोर्टवरचंच नाव लावून घ्या, ते काम आठवड्याभरात होतं. आता व्हिसाचं कार्ड मिळत नाही, सगळं ईव्हिसावर म्हणजे ऑनलाइन नोंदीवर असतं. नवा पासपोर्ट आला की यूकेव्हीआयच्या खात्यात त्याचा क्रमांक घाला. नाहीतर मुंबई विमानतळावर चेक-इनच्या वेळी व्हिसा दिसत नाही म्हणून अडवतात.

प्रश्न : अर्ज मुदतीत केला, निकाल यायचा आहे, पण जुना व्हिसा संपला. ऑफिसमधून सांगतात, कामावर येऊ नका. (बर्मिंगहॅम)

उत्तर : मुदतीत केलेला अर्ज प्रलंबित असताना जुना व्हिसा त्याच अटींसह चालू राहतो, म्हणजे कामाचा हक्कही. कायद्यात याला ३सी लीव्ह म्हणतात. एचआरला सांगा की होम ऑफिसच्या (ब्रिटनच्या गृह खात्याच्या) एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसला विचारा. तिथून मिळणारी पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस मालकाला सहा महिने संरक्षण देते.

प्रश्न : माझा नवरा म्हणतो, मी सही करणार नाही, तुझा व्हिसा रद्द करून तुला परत पाठवीन. मारहाण रोजची नाही. पगाराचं कार्ड त्याच्याकडे, फोन तपासतो, पासपोर्टही त्यानेच ठेवलाय. (गाव छापू नये)

उत्तर : व्हिसा रद्द करणं त्याच्या हातात नाही, ते फक्त होम ऑफिस करू शकतं. पैसे अडवणं, पासपोर्ट काढून घेणं, व्हिसाची धमकी देणं हे ब्रिटनच्या नियमांत कौटुंबिक छळात धरतात. मार खाल्ल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात असं नाही. ब्रिटिश किंवा आयएलआरधारकाच्या जोडीदाराचं नातं छळामुळे तुटलं असेल तर तिला एफएलआर(एम) ची आणि नवऱ्याच्या सहीची गरज उरत नाही. तिला सरळ आयएलआर मागता येतो. या अर्जाला सेट(डीव्ही) म्हणतात. त्याला पगाराची किंवा इंग्रजीची अट नाही, आणि हाती पैसे नसतील तर फी माफ होते. राहायला जागा किंवा पैसे नसतील तर त्याआधी तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळते, तिच्यावर सरकारी मदत आणि निवारा घेता येतो.

नातं संपलं असताना ते टिकून आहे असं दाखवून एफएलआर(एम) भरू नका, त्यानं पुढचा रस्ता बिघडतो. जीपीला सगळं सांगा आणि नोंद करायला लावा. त्याचे धमकीचे संदेश विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा आणि तुमच्या फोनवरून पुसून टाका. पासपोर्टचं पान आणि विवाह प्रमाणपत्र यांचे फोटोही तसेच जपा. नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइन ०८०८ २००० २४७ चोवीस तास चालते, फोन फुकट आहे, दुभाषाही मिळतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था दक्षिण आशियाई बायकांच्या व्हिसाच्या अशाच अडचणींवर काम करते. जिवाला धोका वाटला तर आधी पोलिसांना ९९९ वर फोन करा. तो तुम्हाला "फिरायला" म्हणून भारतात नेऊन तिथं सोडून देण्याचा प्रयत्न करू शकतो. तिकीट दिसलं तर जाण्याआधी हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोला. तिथं सोडून दिल्यावरही अर्ज करता येतो, पण फार कष्ट पडतात.

प्रश्न : ओळखीतला एक जण ३०० पौंडांत फॉर्म भरून देतो म्हणतो. (लूटन)

उत्तर : तो सॉलिसिटर आहे का, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे का ते बघा. जानेवारी २०२५ पर्यंत या संस्थेचं नाव ओआयएससी होतं. नोंदणी नसताना व्हिसाचा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, पैसे न घेता दिला तरी. फॉर्म कोणीही भरला तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमचीच राहते, त्यामुळे पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. सरळ पगार आणि सरळ कागद असतील तर घरी बसून हा अर्ज भरता येतो. आधी नकार आलेला असेल, मध्ये मुदत चुकली असेल किंवा स्वतःचा व्यवसाय असेल तर चांगल्या सॉलिसिटरला पैसे द्यावेत.

प्रश्न : मिस्टर स्किल्ड वर्कर व्हिसावर होते, त्यांना आता आयएलआर मिळाला. मी डिपेंडंट आहे, माझी वर्षं भरली नाहीत. मी आता स्पाउस व्हिसावर जायचं का? (एडिंबरा)

उत्तर : जाऊ नका. मिस्टर आयएलआरवर गेले तेव्हा तुम्ही त्यांच्या डिपेंडंट होतात, त्यामुळे तुम्हाला त्याच मार्गावर डिपेंडंट म्हणूनच व्हिसा वाढवता येतो. तिथं २९,००० ची अट नाही, ए२ परीक्षा नाही, आणि ब्रिटनमध्ये १२ महिने झालेले असतील तर खात्यातली शिल्लकही दाखवावी लागत नाही. एफएलआर(एम) वर गेलात की आयएलआरसाठी आतापर्यंत भरलेले महिने सोडून मोजणी नव्यानं सुरू होते. फॉर्म निवडताना "पार्टनर ऑफ अ सेटल्ड पर्सन" हे शब्द दिसले की बोट तिकडेच जातं, पण तुमचा फॉर्म स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट पार्टनरचा आहे.